त्सीगलट्रुमसाहेबांच्या नावापुढची फुली

तीर्थरूप सावेताताई,

तुझ्या धाकट्या पारास्किवाचा वाकून नमस्कार. वाकून हे आपलं लिहिण्यापुरतं. गुडघे गेल्या हिवाळ्यापासून संपावर आहेत, तेव्हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनानं पार तुझ्या पायांपर्यंत आले असं समज. तुझी तब्येत कशी आहे? खोकल्याची उबळ थांबली का? ती एका शिंगाची बकरी अजून शेजाऱ्यांचे मोजे खाते का? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. नदीला पाणी बरंच आहे. हेच पाणी पुढं वाहत वाहत तुझ्या ब्राइलापर्यंत येतं, म्हणून मी पुलावरून जाताना रोज त्याला सांगते की ताईला विचारलंय म्हणून सांग. सांगतं की नाही ते तू कळव.

हे पत्र आमची सूनबाई गेर्लिंडे लिहिते आहे. तू आणि मी शाळा बाहेरूनच पाहिली, तीही मेंढ्या हाकताना. ही पोर मात्र जर्मन असून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आपली भाषा शिकली, माझ्याशी भांडता यावं म्हणून. (ती म्हणते, बोलता यावं म्हणून. लिही, भांडता यावं म्हणून. सांगेन ते लिहायचं असं ठरलंय.) आणि तिकडे हे पत्र पाद्रीबुवा इलारिये तुझ्या अंगणात बसून मोठ्यानं वाचणार, आजूबाजूच्या साऱ्या बायका कामं टाकून ऐकणार, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा पाद्रीबुवा, तुम्हालाही नमस्कार, आणि विनंती एवढीच की मध्येमध्ये थांबून उपदेश करू नका, ताईची कॉफी गार होते.

आता मूळ गोष्ट. यंदा मार्चात आमच्या शहरात नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि मी, जिला घरात कुठली भाजी करायची हेही कुणी विचारत नाही (सूनबाईचा हात थांबला, थांबू नको, खरं आहे ते), मी त्या निवडणुकीत मानेपर्यंत बुडाले. कारण पाच नंबरची बस. आमच्या तोआदेरला आम्ही इथंच ठेवला. गावी न्यायचं म्हणत होते सगळे, पण मी म्हटलं, ज्या नवऱ्याशी जन्मभर रोज भांडले त्याला इतक्या लांब ठेवून मी कुणाशी बोलू? तर तो वर टेकडीवरच्या दफनभूमीत असतो. दर शनिवारी मी पाच नंबरच्या बसनं वर जाते, त्याच्या उशाशी दिवा लावते, आठवड्याच्या बातम्या सांगते, तो काही बोलत नाही (जिवंतपणीही बोलत नसे), आणि परतीच्या बसनं खाली येते. असं छान चाललेलं असताना त्सीगलट्रुम नावाचे एक नगरसेवक उठले आणि म्हणाले की ही बस रिकामी धावते, बंद करा. रिकामी म्हणे. मी, माझी पिशवी, तेलाची बाटली आणि वरच्या मजल्यावरची क्रेसेन्त्सबाई, एवढं सगळं आत असताना. टेकडीला पायऱ्या आहेत, लोकांनी चढाव्यात, प्रकृतीला बरं, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्यांना चढवत नाही त्यांनी थोडा धीर धरावा, शेवटी तिथं पोचवायला गाडी मिळणारच आहे. असं ते बोलले नाहीत, पण चेहरा तसा होता.

ही बस वाचवायची म्हणून आमची गेर्लिंडे उभी राहिली. आळीतल्या लोकांनी मिळून 'शेजार' नावाची यादी काढली, तिच्यात हिचं नाव घातलं, पण घातलं कुठं, तर पार शेपटाकडे, जिथून कुणी निवडून येत नाही, नुसतं यादी लांब दिसावी म्हणून नाव घालतात तिथं. पण इथल्या कायद्यात एक गंमत आहे ताई. प्रत्येकाच्या हातात चाळीस मतं असतात आणि त्यातली तीनपर्यंत एकाच माणसाला देता येतात. शेपटाकडच्या माणसाला लोकांनी तीन-तीन दिली की तो बाकीच्यांच्या डोक्यांवरून उड्या मारत पुढं येतो. आणि आपण रुमानियाचे असलो तरी युरोपातलेच, म्हणून शहरापुरतं मत मलाही आहे. जिला सासरी एक मत नव्हतं तिला म्हातारपणी एकदम चाळीस. मला तर दोन दिवस भूकच लागली नाही.

मतदान होतं शाळेत, दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, लहानपणी शाळेची पायरी चढले नाही, आता या गुडघ्यांनी चढू? तेव्हा ठरलं की मत टपालानं द्यायचं. इथं निम्मं शहर तसंच देतं. घरी पाकीट येतं, स्वयंपाकघरात बसायचं, खुणा करायच्या, परत टपालात टाकायचं. पोस्टमननं पाकीट आणून दिलं, मी ते उघडलं आणि मला वाटलं सूनबाईनं पडदे मागवलेत. ती मतपत्रिका होती. टेबलावर अंथरली तर दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. नावंच नावं, जशी पावसानंतर दिव्याभोवती पाखरं. सगळं शहर उभं राहिलं असावं. मला तर प्रश्न पडला, मत द्यायला उरलंय कोण. मुलगा नेकुलाय म्हणाला, आई, चहा सांडू नकोस. मी म्हटलं, सांडला तर इतक्या मोठ्या कागदात कुणाच्या लक्षात येणार आहे?

ज्याला वाचता येत नाही त्यानं मदतनीस घ्यावा, अशी कायद्यानं सोय आहे. मला वाटलं गेर्लिंडे बसेल शेजारी. पण तिला प्रामाणिकपणाचा आजार आहे, आणि तो तिच्या माहेरी सगळ्यांनाच आहे. ती म्हणाली की उमेदवारानं सासूचा हात धरून मत घेणं शोभत नाही. मी शेजारी बसणार नाही, नावही घेणार नाही, आसपासही फिरकणार नाही. (लिहिताना मान हलवतेय. अजूनही तिला तेच बरोबर वाटतं.) मग कसं करायचं ते तरी सांग, म्हटलं. तर ती उभी राहिली, हात मागे बांधले, आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाली, "आई, ज्यांच्याबद्दल तुमचं मत अगदी पक्कं आहे, त्यांच्या नावापुढं फुली मारा." एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली, दार लावलं, आणि आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून मिक्सर चालू केला. त्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर.

आता फुली म्हणजे काय हे तुला आणि मला सांगायला नको, पाद्रीबुवांना तर नकोच नको. पण हिला कळावं म्हणून सांगते. आपण चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या हातात नावांची चिठ्ठी देतो, तिला दोन बाजू असतात. एका बाजूला जिवंत माणसं, त्यांना आयुष्य मागायचं. दुसऱ्या बाजूला गेलेली, त्यांना शांती मागायची. आणि गेलेल्यांच्या नावांपुढं फुली असते, उभी रेघ आणि आडवी रेघ. जिवंत माणसाच्या नावापुढं चुकून फुली पडली म्हणून लेऑन्तिनामावशीनं आयुष्यभर जावेशी बोलणं टाकलं होतं, आठवतं? तू आणि मी अक्षर शिकलो नाही, पण जगातली एक खूण आपल्याला पक्की कळते, की फुली म्हणजे कारभार आटोपला. आपल्याकडे मत देताना शिक्का मारायचा असतो, तो बिचारा कुणाचं वाईट करत नाही. मी म्हटलं, इथली रीत वेगळी असेल. इथं नको असलेल्यांना काढतात, आणि उरतात ते नगरसेवक. आणि खरं सांगते ताई, मला ही रीत फार आवडली.

मदतनीस म्हणून आली क्रेसेन्त्सबाई. माझ्याच वयाची आहे, वरच्या मजल्यावर राहते, तिचाही नवरा वर टेकडीवर आहे, तोआदेरपासून दोन रांगा सोडून. आम्हा दोघींना मिळून जेवढं जर्मन येतं त्यातलं बहुतेक तिलाच येतं, पण आमचं भागतं. तिला पाकिटातल्या एका वेगळ्या कागदावर सही करून शपथ घ्यावी लागली की मी बाईंच्या मनात आहे तेवढंच करीन, आपलं मत घुसडणार नाही, आणि कुणाला सांगणार नाही. क्रेसेन्त्सबाई शपथ म्हणजे शपथ मानणारी. सही केली, चष्मा पुसला आणि तोंड असं मिटलं की जसा लोणच्याच्या बरणीला दट्ट्या बसवावा. मग ती नावं वाचत गेली आणि मी ऐकत गेले. त्सीगलट्रुम नाव आलं. मी म्हटलं, थांब. बोटानं जागा दाखव. आणि मी पेन मुठीत धरून अशी ठसठशीत फुली मारली, चर्चच्या कळसावर शोभेल अशी, की खालचं टेबलसुद्धा हललं. क्रेसेन्त्सबाईला ठसका लागला. मला वाटलं, आनंदानं. मग त्या दातांच्या डॉक्टरला मारली, जो उभा राहिलाय आणि ज्यानं माझा चांगला दात काढला. बाल्कनीत गालिचे वाळत घालू नका म्हणून पत्र पाठवणाऱ्याला मारली. नदीकाठचं लिंडेनचं झाड तोडून तिथं गाड्यांची जागा हवी म्हणणाऱ्यालाही मारली. मग हात सैल सुटला आणि ज्यांची नावं नुसती ऐकूनच राग आला अशांनाही एकेक देऊन टाकली. (सूनबाई विचारते, किती. तुला काय करायचंय?)

क्रेसेन्त्सबाई लाल झाली, मग पांढरी झाली. उठून खिडकीपाशी गेली, परत आली. शेवटी यादीच्या शेपटाकडे पोचलो आणि तिनं घोगऱ्या आवाजात आमच्या गेर्लिंडेचं नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि बोट त्या जागेवर ठेवून माझ्याकडे असं पाहिलं जसं कुत्रं जेवणाऱ्याकडे पाहतं. मी म्हटलं, हिच्या नावापुढं फुली? माझ्या घरातली एकुलती एक सून, आणि मी तिच्या नावापुढं फुली मारू? उलट इतक्या लोकांच्या नजरा या नावावर पडणार, दृष्ट लागायची पोरीला. म्हणून मी खाली वाकले आणि तिच्या नावावर हलकेच तीनदा थुंकले, थू थू थू, आपल्या आईनं आपल्यावर थुंकावं तसं. ताई, आता तू क्रेसेन्त्सबाईच्या जागी बसून बघ. सासूनं बस बंद करणाऱ्याला मत दिलं, आणि सुनेवर थुंकली. आणि हिला तोंड उघडायची बंदी.

मग घडी घालायची वेळ आली. तो कागद कशानंच घडीत बसेना. शेवटी चादरीसारखा केला. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, पुढं या, मागं जा, टोकं जुळवा. दोघी म्हाताऱ्या खोलीभर नाचल्यासारख्या फिरलो. मी गुणगुणतही होते. ती रडत होती, हे मला नंतर कळलं. मतपत्रिका पांढऱ्या पाकिटात, ते पाकीट आणि सहीचा कागद लालसर पाकिटात, चिकटवलं, आणि जाता जाता टपालपेटीत टाकते म्हणून क्रेसेन्त्सबाई ते घेऊन गेली. मी मिक्सर बंद करायला लावला. गेर्लिंडेनं काहीही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, आई, तुमच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आहे. आणि मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी शनिवारी बातमी आली की त्सीगलट्रुमसाहेब पडले. कुठं पडले? दफनभूमीच्या पायऱ्यांवर. बसशिवाय माणूस किती सहज वर जातो हे शहराला दाखवायचं म्हणून फोटोवाल्याला घेऊन गेले होते. हसत हसत, हात हलवत, उलट्या तोंडानं फोटोवाल्याकडे बघत चढत होते. पाय सटकला, घोट्यात मोडला, प्लास्टर. ताई, माझ्या अंगावर काटा आला. काल दुपारी फुली, आज सकाळी पाय. आपली आई कुणाला शिव्याशाप द्यायची तो जसा लागायचा, तसा तिचा हात मला आलाय असं वाटलं. थोडी भीतीही वाटली, कारण मी काही त्यांना मारायला निघाले नव्हते, फक्त नगरपरिषदेतून काढायला. पण भीती थोडी आणि अभिमान जास्त, हे तुझ्यापासून काय लपवू. (पाद्रीबुवा, हे वाक्य वाचून झालं असेल तर पुढं चला, भुवया नंतर उचला.)

रविवारी मी कोबीच्या पानांत खिमा-तांदूळ गुंडाळून मोठं पातेलं शिजवलं आणि क्रेसेन्त्सबाईला जेवायला बोलावलं. ती बसली, पण घास घेईना. दोन दिवसांत निम्मी झाली होती. नेकुलायनं त्सीगलट्रुमसाहेबांच्या पायाचा विषय काढला, आणि मला काही राहवेना. मी चमचा ठेवला आणि म्हटलं, पाय कुणामुळं मोडला ते मला विचारा. मी परवा त्याच्या नावापुढं फुली मारलीय. नेकुलायच्या घशात घास अडकला. गेर्लिंडेच्या हातातली ब्रेडची टोपली तशीच वर राहिली. नेकुलाय खोकून खोकून मोकळा झाल्यावर अगदी हळू म्हणाला, "आई, फुली म्हणजे मत. ज्याच्यापुढं फुली तो निवडून येतो."

मी म्हटलं, असं कसं? फुली म्हणजे मेला. तो म्हणाला, इथं फुली म्हणजे आला. मी विचारलं, इतकी शिकलेली माणसं, डॉक्टर, प्रोफेसर, सगळी लिहितावाचता येणारी, आणि हवा त्या माणसाच्या नावापुढं मेल्याची खूण करतात? तो म्हणाला, हो. ताई, मी त्या दातांच्या डॉक्टरचा विचार केला. गालिचेवाल्याचा केला. आणि मग पाच नंबरच्या बसचा केला, की वर तोआदेर शनिवारी वाट बघणार, दिवा विझलेला, आणि मी खाली पायऱ्यांकडे बघत उभी, ज्यानं ही वेळ आणली त्याला स्वतःच्या मुठीनं मत देऊन. गेर्लिंडेनं मला ओरडावं, भांडी आपटावी, असं मला फार वाटलं. ती प्रामाणिक बया म्हणाली, हरकत नाही आई, मत तुमचं आहे, ते कुणालाही देता येतं. तेव्हा मला रडू आलं. (आता हीच रडतेय. डाग पडला असेल तर तो तिचा, माझा नाही.)

आणि तेवढ्यात क्रेसेन्त्सबाईनं ताट बाजूला सारलं, टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या आणि म्हणाली, "मी टाकलंच नाही ते टपालात. देव मला क्षमा करो, पाकीट माझ्या मारियामातेच्या मूर्तीखाली आहे."

बिचारीचं झालं होतं असं की पाकीट टाकावं तर बस गेली, न टाकावं तर शपथ मोडली. टपालपेटीपर्यंत जाऊन ती परत आली होती, पुन्हा जाऊन पुन्हा परत आली होती. मग मूर्तीखाली ठेवून म्हणाली, आता तूच बघ बाई. चर्चमध्ये जाऊन कबुलीही देऊन आली, पण शपथेमुळं पाप कुठलं ते सांगता येईना. तिच्या पाद्र्याला वाटलं हिच्या हातून चोरी झाली. मी उठले आणि तिचे दोन्ही गाल धरून तिचे मुके घेतले. मग ती जी जेवायला बसली, ते पातेल्याचा तळ दिसेपर्यंत. पोटावर बसलेली शपथ उठली की माणसाला किती भूक लागते ते मी त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी आम्ही दोघी नगरभवनात निवडणूक कचेरीत गेलो. तिथल्या बाईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पत्रिका बिघडली. कशी बिघडली? मी म्हटलं, ज्यांना मारायचं होतं ते जिवंत राहिले. क्रेसेन्त्सबाईनं मला कोपरानं ढोसलं आणि नीट काय ते सांगितलं. त्या बाईनं जुनं पाकीट माझ्यासमोर फाडलं, कागद फाडला, आणि नवा पडदा दिला. भली बाई होती. मी तिला सांगितलं की सुनेच्या नावापुढं मी फुली मारणार नाही, मला फाशी द्या. ती म्हणाली, मग आकडा लिहा, तीन. आकड्यालाही मत म्हणतात. आकडे मला येतात, ताई, बसच्या कपाळावर असतात ते. मी म्हटलं, पाच लिहू का, तो माझा सवयीचा आहे. ती म्हणाली, कायद्यानं तीनच. आणि बाकीच्या मतांसाठी 'शेजार' यादीच्या डोक्यावर एक फुली मारलीत की झालं. मी विचार केला, यादी म्हणजे काही माणूस नव्हे, तिला आई नाही, बाप नाही, यादीवर मारते. मारली. पण हळूच, लहानशी.

पेटी त्याच इमारतीच्या दारात होती, तिच्यात पाकीट मी माझ्या हातानं टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभी राहिले. क्रेसेन्त्सबाईनं तिच्या चर्चच्या रीतीनं छातीवर क्रूस केला, डावीकडून उजवीकडे, मी आपल्या चर्चच्या रीतीनं केला, उजवीकडून डावीकडे. गेर्लिंडे पलीकडच्या फुटपाथवर पाठ करून उभी होती, डोळे मिटून. बस जवळून गेली असती तर तिला दिसलीही नसती.

तर असं झालं. येत्या रविवारी मोजणी आहे आणि इतके मोठे कागद असल्यामुळं मोजणारे दिवसचे दिवस मोजत बसतात. तू प्रकृतीला जप. गुडघ्यांना कोबीचं पान बांध, मला गुण आला नाही पण तुला येईल. पाद्रीबुवांना वाचण्याबद्दल एक अंडं जास्त दे. बकरीला माझी आठवण सांग. बाकी सगळं क्षेम, थोरल्यांना नमस्कार म्हणायला तुझ्याखेरीज कुणी उरलंच नाही, तेव्हा तो सगळा तुलाच.

तुझीच धाकटी,
पारास्किवा
(अंगठा शेजारी. तेलाचा आहे, शाई सापडली नाही.)

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं आणि तेवढ्यात निकाल लागला. आपली गेर्लिंडे आली! शेपटाकडून उड्या मारत आली, लोकांनी तीन-तीन दिली. पाच नंबरच्या बसमधल्या साऱ्या म्हाताऱ्या म्हणतात की आमच्यामुळं आली. खरी कुणामुळं ते मला आणि मारियामातेला ठाऊक. त्सीगलट्रुमसाहेबही आले. आणि आता खरं कारण सांगते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तो कागद फाडला, ताई, पण मारलेली फुली ती मारलेलीच. साहेबांचा पाय अजून सुजलेला आहे म्हणतात, आणि दातांच्या डॉक्टरला आता खोकला झालाय. मला झोप लागत नाही. तेव्हा पाद्रीबुवांना म्हणावं, येत्या रविवारी जिवंतांच्या चिठ्ठीत ही सगळी नावं मोठ्यानं वाचा. नावं सूनबाईनं मागच्या बाजूला लिहिली आहेत. लिहिताना ती मध्ये एकदा उठून पाणी पिऊन आली.

ता. क. दुसरा. सूनबाई बाहेर गेलीय, हे नेकुलाय लिहितोय, म्हणून अक्षर वाईट आहे. थांबा. पाद्रीबुवांना म्हणावं, थांबा. काल शनिवारी बसमध्ये चढले तर आत कोण? त्सीगलट्रुमसाहेब. प्लास्टरमुळं गाडी चालवता येत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत, आणि त्यांची आई वर टेकडीवरच आहे म्हणे, तोआदेरच्या रांगेत. कुबड्या धरून बसले होते, चेहरा पडलेला. मी माझ्या पिशवीतली चीजची पोळी निम्मी त्यांना दिली. खाल्ली. मग घड्याळाकडे बघून मला म्हणाले, "बाई, ही बस फारच कमी वेळा येते." ताई, मी तोआदेरला जाऊन सांगितलं तर मला वाटतं तोसुद्धा हसला. आता बसचा निर्णय नव्या नगरपरिषदेच्या पहिल्या बैठकीत व्हायचा आहे. तेव्हा पाद्रीबुवांना सांग की साहेबांचं नाव जिवंतांत वाचावं, पण पुटपुटत वाचावं. जीव राहील एवढंच. पाय बरा होईल इतक्या मोठ्यानं नको. डॉक्टरचं नाव कसंही वाचा. गेर्लिंडेला यातलं काही कळवू नका, ती आता नगरसेविका आहे, तिचा आजार वाढलाय.

ता. क. तिसरा. पाद्रीबुवांना सप्रेम नमस्कार. मी गेर्लिंडे. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा हे मी सगळं वाचलं. निवडून आलेल्या व्यक्तीनं कुणाच्या प्रकृतीबद्दल अशी विनंती करणं योग्य नाही, म्हणून मी काहीही विनंती करत नाही. केवळ माहितीसाठी कळवते की बैठक मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे.